सभेतील भीड आणि चुकणारे निर्णय



भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आंधळगाव हे गाव आहे. हातमागावरील कोशाच्या कापडासाठी ते ओळखले जाते. मागावर बसलेल्या विणकराची नजर तुम्ही पाहिली असेल. शेकडो उभ्या धाग्यांतला एक धागा तुटला की त्याचा हात थांबतो. तो धागा सांधल्याशिवाय तो धोटा पुढे फेकीत नाही. कारण त्याला ठाऊक असते की, तुटका धागा तसाच ठेवला तर कापडभर उभी रेघ पडेल आणि मग कितीही चांगले रंगकाम केले तरी ती झाकणार नाही.

आता अशाच एखाद्या गावातील विहाराच्या बैठकीची कल्पना करा. वर्गणीतून शिल्लक राहिलेली रक्कम कशावर खर्च करावी, असा विषय आहे. एक वजनदार गृहस्थ उठून म्हणतात, ‘यंदा मोठा ध्वनिक्षेपक घेऊ.’ दोघे-तिघे माना डोलावतात. मागच्या रांगेत दहा माणसे अशी बसली आहेत की, ज्यांना मनातून मुलांसाठी अभ्यासिका हवी आहे. ‘सर्वांना मान्य?’ असा प्रश्न येतो. ‘मान्य’ असा आवाज होतो. बैठक संपते आणि बाहेर चपला घालता घालता तीच दहा माणसे एकमेकांना सांगतात, ‘हे काही बरे झाले नाही.’

तुटलेला धागा दहाजणांना दिसला होता. सांधायला एकही हात पुढे आला नाही. मागावर जो माणूस एका धाग्यासाठी थांबतो, तोच सभेत का थांबत नाही? या पाठात आपल्याला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

दंडारीतला राजा

कोणी म्हणेल, आमच्या माणसांना बोलताच येत नाही. हे खरे नव्हे. आपला हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार होते, खडी गंमत होते, रात्ररात्र नाटके चालतात. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावतो आणि हजार माणसांपुढे राजा होऊन गर्जतो. त्याची जीभ अडखळत नाही, पाय लटपटत नाहीत. पण तोच माणूस सकाळी ग्रामसभेत खाली मान घालून बसतो. घरकुलाच्या यादीतून त्याचे नाव गाळलेले असते, तरी तोंडातून शब्द निघत नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. दोष जिभेचा नाही. रंगमंचावर शब्द दुसऱ्याने लिहिलेले असतात, वेष राजाचा असतो, आणि चूक झाली तर ती सोंगाची चूक असते. सभेत शब्दही आपला आणि तोंडही आपलेच. तेथे हसे झाले तर ते आपलेच होणार. म्हणून सभेतील भीड म्हणजे बोलण्याची अशक्ती नव्हे. आपल्या मतापाशी उघडपणे उभे राहण्याचे ते भय आहे.

हे भय भगवान बुद्धांनी ओळखले होते. अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात पाच भये सांगितली आहेत. उपजीविकेचे भय, अपकीर्तीचे भय, परिषदेत बुजण्याचे भय, मरणाचे भय आणि दुर्गतीचे भय. यातील तिसऱ्याला पाली भाषेत ‘परिससारज्जभय’ असा शब्द आहे. सभेला पाहून होणारा हा बुजरेपणा तथागतांनी मरणाच्या भयाशेजारी बसविला आहे. तो हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

लाज कोणती आणि भीड कोणती

येथे एक शंका येईल. धम्मात तर लज्जेला फार मोठे स्थान आहे. मग लाजू नका असे कसे सांगता?

शंका रास्त आहे. हिरी आणि ओतप्प या दोन गोष्टींना भगवंतांनी जगाचे रक्षण करणारे धम्म म्हटले आहे. हिरी म्हणजे अकुशल कर्म करण्याची लाज. ओतप्प म्हणजे त्या कर्माच्या परिणामाचे भय. या दोन गोष्टी नसत्या तर माणसात आणि पशूत अंतर राहिले नसते. परंतु ही लाज अकुशल कर्माची आहे. सत्य बोलण्याची, प्रश्न विचारण्याची किंवा आपले अज्ञान कबूल करण्याची लाज म्हणजे हिरी नव्हे.

धम्मपदाच्या निरयवग्गात याविषयी स्पष्ट उपदेश आहे. जेथे लाजायचे कारण नाही तेथे लाजणारे आणि जेथे लाजायला हवे तेथे न लाजणारे, असे दोन्ही लोक मिथ्यादृष्टी धरून दुर्गतीला जातात, असा त्याचा आशय आहे. ही कसोटी आपल्या बैठकीला लावून पाहा. हिशेब न देणारा लाजत नाही आणि हिशेब मागणारा लाजतो! दारू पिऊन मिरवणुकीत नाचणारा लाजत नाही आणि त्याला ‘बाबा रे, घरी जा’ म्हणणारी उपासिका लाजते. लाज आहे, पण ती चुकीच्या घरी नांदते आहे.

हे लिहिणारा यातून सुटलेला नाही. एका बैठकीत अभ्यासिकेच्या खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद माझ्या खिशात होता. कोणते सामान किती रुपयांत येईल, हे मी दोन दिवस फिरून विचारून आलो होतो. परंतु आधी बोलणारे वयाने मोठे होते. ‘मोठ्यांच्या पुढे कसे बोलावे’ असे म्हणून मी गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला मनातल्या मनात विनय हे नाव दिले. पैसा दुसरीकडे गेला. त्या वर्षी दहावीला बसलेल्या मुली देवळाच्या ओट्यावरील दिव्याखाली अभ्यास करीत होत्या. त्यांच्यासमोरून जाताना जी लाज वाटली, ती खरी हिरी होती. पण ती उशिरा आली. आपल्याकडे म्हण आहेच की, भीड ही भिकेची बहीण. माझ्या भिडेची भीक त्या मुलींच्या पदरात पडली.

ही भीड आली कोठून

ही भीड आपण जन्मतः बरोबर आणलेली नाही. ती आपल्या पूर्वजांना शिकविण्यात आली. ज्यांनी दूर उभे राहायचे, जोहार घालायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असा शेकडो वर्षांचा नियम होता, त्यांच्या नातवंडांच्या गळ्यात शब्द अडकला तर नवल कसले? म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. त्याच्या शिरोभागी त्यांनी संत तुकारामांचा जो अभंग छापला, त्याचा विषयही नेमका हाच होता. भीड सोडून मी तोंड उघडले आहे, मुक्याला जगात कोणी विचारीत नाही आणि लाजून कोणाचे हित होत नाही, असा त्याचा भाव आहे. बाबासाहेबांचे पहिले पत्र निघाले, ते भिडेविरुद्धच निघाले असे म्हटले तर चूक होणार नाही.

आपल्या विदर्भातील भगिनींनी हा धडा फार लवकर गिरविला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. त्या काळी बाईने चारचौघांत नवऱ्याचे नाव घेणे वर्ज्य होते. पण या परिषदेने घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्व बंद करण्याचा ठराव केला. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या सवलती मागितल्या. ज्या गोष्टी घरात कुजबुजत बोलायच्या, त्या त्यांनी परिषदेत ठराव म्हणून मांडल्या. आज आपल्या विहारात महिला मागे बसून ‘तुम्ही ठरवा’ म्हणतात, तेव्हा आपण १९४२ च्याही मागे जातो, हे विसरू नये.

लेखणीची भीड

बोलणाऱ्याला सभेची भीड असते, तशी लिहिणाऱ्याला घराची भीड असते. फलटणच्या बेबीताई कांबळे या चळवळीत वावरलेल्या, सभेला न भिणाऱ्या बाई. घरच्या किराणा दुकानात बसून त्यांनी आपल्या समाजाची कहाणी लिहिली. पण ती वही त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवली. बाईने लिहावे हे घरात रुचणार नाही, याचे त्यांना भय होते. पुढे फलटणला राहणाऱ्या अमेरिकन विदुषी मॅक्सीन बर्नसन यांनी त्या लेखनाला धीर दिला आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. विचार करा, तो धीर देणारा माणूस भेटला नसता तर आपल्या इतिहासाचे एवढे मोठे दालन दुकानाच्या फळीवरच राहिले असते. आपल्या गावात अशा किती वह्या फळीवर असतील?

दुसरे उदाहरण लोककवी वामनदादा कर्डक यांचे. ते निरक्षर होते. कोणी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, याची त्यांना मनस्वी लाज वाटली. त्या लाजेने त्यांना लपवून ठेवले नाही. त्यांनी अक्षरे शिकून घेतली. १९४३ पासून त्यांनी गीते रचली आणि पुढे गावोगावच्या रात्री जागविल्या. तीच लाज, पण एकीने वही लपते आणि दुसरीने पाटी हातात येते. म्हणून लाज वाटली की तिला विचारावे, ‘तू मला कोठे नेतेस?’

निर्णय का चुकतात

आता निर्णयाकडे वळू. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थ सिगालाला सांगितले आहे की, माणूस चार कारणांनी वाईट कर्माकडे जातो. छंद, दोस, मोह आणि भय. यांना चार अगती म्हणतात. आपला माणूस म्हणून मत देणे हा छंद. अमक्याने सुचविले म्हणून विरोध करणे हा दोस. हिशेब, कायदा, वस्तुस्थिती न पाहताच हात वर करणे हा मोह. आणि लोक काय म्हणतील म्हणून गप्प राहणे हे भय. पहिल्या तिघांना आपण दोष देतो. चौथा मात्र ‘गरीब स्वभावाचा माणूस’ म्हणून सुटतो. तथागतांनी त्याला सोडलेले नाही.

भयाचा परिणाम किती सूक्ष्म असतो, हे मानसशास्त्रानेही दाखविले आहे. अमेरिकेतील सॉलोमन अ‍ॅश या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. काही रेघा दाखवून कोणती रेघ दिलेल्या रेघेइतकी लांब आहे, एवढेच विचारायचे. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत असे. पण खोलीतील बाकीची माणसे शिकवून ठेवलेली होती. ती ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून सर्वांसारखे चुकीचे उत्तर दिले. मात्र खरे सांगणारा एक जरी सोबती मिळाला, तरी ही चूक फार कमी झाली. उत्तर गुपचूप कागदावर लिहायचे ठेवले, तेव्हाही ती कमी झाली. एक सोबती आणि एक गुप्त कागद, या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्या धम्मात अडीच हजार वर्षांपूर्वीच आहेत.

कुशीनाऱ्याचे मौन

महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. कुशीनाऱ्याला भगवान शेवटच्या शय्येवर आहेत. ते भिक्खूंना म्हणतात, बुद्ध, धम्म, संघ किंवा मार्ग यांविषयी काही शंका असेल तर विचारा. पुढे पश्चात्ताप नको. भिक्खू गप्प राहतात. भगवान दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारतात. तरी सर्व गप्पच. दुसरा कोणी असता तर ‘सर्वांना मान्य’ म्हणून मोकळा झाला असता. पण तथागत म्हणतात, कदाचित शास्त्याविषयीच्या आदरामुळे तुम्ही विचारीत नसाल; तर मग मित्राने मित्राला सांगावे.

किती करुणा आहे या वचनात! मरण दाराशी असताना भगवंतांना मागच्या रांगेतील बुजऱ्या भिक्खूची आठवण आहे. त्या मौनामागे भीड असू शकते, हे ते जाणतात. आणि भीड सोड असे नुसते न सांगता तिच्यासाठी वाट करून देतात. तू बोलू शकत नसशील तर तुझा सोबती बोलेल. तेथे कोणालाच शंका उरली नव्हती, हे पुढे आनंदांच्या बोलण्यावरून दिसते. पण वाट करून दिल्यावरच ते मौन खरे ठरले.

संघाच्या विनयातही हीच काळजी आहे. महत्त्वाच्या कामी आधी ज्ञप्ती मांडायची, म्हणजे विषय सांगायचा; मग तीन वेळा विचारायचे; ज्याला अमान्य असेल त्याने बोलावे, असे सांगायचे; त्यानंतरच मौन म्हणजे संमती. मतभेद असेल तर शलाका वाटून मत घ्यायचे. चुल्लवग्गात त्याच्या तीन रीती आहेत. गुप्त, कानात सांगून आणि उघड. कानात सांगूनसुद्धा मत देता येत होते! २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बौद्ध संघाच्या या सभापद्धतीचा अभिमानाने उल्लेख केला होता. आपण मात्र मौनाचे फळ घेतो आणि त्याआधीचे तीन वेळा विचारणे सोडून देतो. अशा मौनाला संमती म्हणणे ही फसवणूक आहे.

बाबासाहेबांचा कित्ता

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. निर्णय त्यांचा होता, अधिकारही होता. पण तो त्यांनी समाजावर लादला नाही. १९३६ च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत परिषद घेऊन त्यांनी तो प्रश्न लोकांपुढे विचारार्थ ठेवला, कारणे सांगितली आणि शेवटी ज्याने त्याने स्वतःचा दीप व्हावे, या तथागतांच्या उपदेशाची आठवण दिली. प्रत्यक्ष दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. मध्ये २१ वर्षांचा अभ्यास होता.

दुसरा प्रसंग १७ डिसेंबर १९४६ चा. घटना समितीत उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. बाबासाहेबांना अचानक बोलावण्यात आले. आपल्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, आपली पाळी उद्या येईल, अशी त्यांची समजूत होती. आपण तयारी करून आलो नाही, हे त्यांनी आरंभीच मोकळेपणाने सांगितले. आणि मग बहुमताला रुचणारे न बोलता, घाई करू नका, असे ठामपणे सांगितले. ठराव त्या वेळी मंजूर झाला नाही. तो २२ जानेवारी १९४७ रोजी झाला. ‘मी तयारी केलेली नाही’ हे कबूल करण्यात कमीपणा नाही, हा धडा यातून घ्या. त्यांची त्या दिवसाची तयारी नव्हती, आयुष्याची होती.

आणि अपकीर्तीचे भय? १९५४ साली आपल्याच भंडारा मतदारसंघातील लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. हरलो आता कोणाला तोंड दाखवू, असे म्हणून ते बसले असते तर दोन वर्षांनी नागपूरची दीक्षाभूमी आपल्याला दिसली नसती.

आपण काय करावे

ज्या सुत्तात पाच भये आहेत, त्याच सुत्तात ती ओलांडून जाणारी चार बले आहेत. प्रज्ञाबल, वीर्यबल, अनवद्यबल आणि संग्रहबल. ती आपल्या व्यवहारात अशी आणता येतील.

प्रज्ञाबल म्हणजे विषय समजून घेणे. सभेला जाण्यापूर्वी आपले म्हणणे तीन वाक्यांत कागदावर लिहा. बोलता आले नाही तर कागद वाचा. तोही नाही जमला तर अध्यक्षांच्या हाती द्या.

वीर्यबल म्हणजे सराव. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. तेच तेच दोन वाचक न ठेवता रोज नव्याने एकाला अर्धे पान द्या. अडखळला तर हसू नका. दंडारीतला राजाही पहिल्या वर्षी अडखळलाच होता.

अनवद्यबल म्हणजे स्वच्छ वर्तन. ज्याच्याकडे वर्गणीचे पैसे अडकलेले नाहीत, त्याचा आवाज आपोआप स्थिर होतो.

संग्रहबल म्हणजे माणसे जोडणे. दान, प्रिय वाणी, उपयोगी वर्तन आणि समानता या चार गोष्टींनी ती जोडली जातात. हे काम बुजऱ्याचे नाही, सभेचे आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. आपल्या विहारातही तसे करता येईल. प्रथम महिलांना आणि तरुणांना बोलू द्या, वडीलधाऱ्यांनी शेवटी बोलावे. पैशाचा विषय असेल तर चिठ्ठ्या टाका. आणि ‘सर्वांना मान्य?’ असे एकदा नव्हे, तीनदा विचारा.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भीड सोडणे म्हणजे तोंड सोडणे नव्हे. योग्य वेळी, खरे, मृदू, हिताचे आणि मैत्रीच्या भावनेने बोललेली वाणीच सम्यक वाणी होय. विणकर धागा सांधतो तेव्हा मागावर ओरडत नाही. तो थांबतो, दोन टोके हाती घेतो आणि गाठ मारतो.

पुढच्या बैठकीत तुम्हाला तुटका धागा दिसेल. तेव्हा उठा. उठवत नसेल तर शेजाऱ्याच्या कानात सांगा आणि त्याला उठवा. आणि कोणी तुमच्या कानात सांगितले, तर त्याच्यासाठी तुम्ही उभे राहा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. हिरी आणि सभेतील भीड यांतील फरक तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाने सांगा.
२. चार अगतींपैकी कोणती तुमच्या गावच्या निर्णयांत अधिक दिसते? का?
३. कुशीनाऱ्याला भगवंतांनी भिक्खूंचे मौन लगेच संमती का मानले नाही?
४. मागील बैठकीत जे सांगायचे राहून गेले, ते तीन वाक्यांत लिहून काढा आणि पुढील बैठकीत वाचा.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं!